बोर्डावरची माझी डिग्री वाचता, रात्रपाळीच्या सिस्टरांची विचारता का?

पेशंट ॲडमिट करताना नातेवाईक जे प्रश्न विचारतात ते आता मला पाठ झाले आहेत. डॉक्टर, बिल किती होईल? स्पेशल रूम आहे का? तुम्ही दिवसातून किती वेळा येऊन बघणार? बाहेरच्या बोर्डावर माझ्या नावापुढे एम.बी.बी.एस., एम.डी. लिहिले आहे, तेही काही जण थांबून वाचतात. एवढ्या वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये एक प्रश्न मात्र मला क्वचितच कोणी विचारला असेल: रात्री ड्युटीवर सिस्टर कोण आहेत आणि त्यांचे शिक्षण काय झाले आहे?

जरा हिशेब करून बघा. सकाळचा राउंड, संध्याकाळचा राउंड, मध्ये एखादी चक्कर. सगळे मिळून एका पेशंटजवळ माझा अर्धा तास गेला तरी खूप. उरलेले साडेतेवीस तास तुमच्या आईजवळ, वडिलांजवळ सिस्टर असतात. औषध मी लिहितो, पण शरीरात जाते ते त्यांच्या हातून. पेशंट बिघडायला लागला की पहिल्यांदा ते दिसते त्यांना. दिसायला हवे, असे म्हणतो. ते त्यांना दिसले नाही तर माझी एम.डी. घरी झोपलेली असते. म्हणून आज सिस्टरांना काय यायला हवे आणि चूक झाली तर कायदा कोणाला धरतो, याबद्दल लिहितो आहे.

आपल्या भागातल्याच उदाहरणापासून सुरुवात करू. नागपंचमीमुळे शिराळ्याचे नाव सगळीकडे झाले, पण आम्हा डॉक्टरांना साप आठवतो तो पावसाळ्यातला. रात्री जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेल्या माणसाला मण्यार चावते. चावलेले अनेकदा कळतही नाही. सूज नाही, आग नाही, दाताची खूण शोधूनही सापडत नाही. पहाटे पोटात दुखते म्हणून माणूस येतो, आणि 'रात्री काहीतरी खाल्लं असंल' असे घरचे सांगतात. अशा वेळी ड्युटीवरच्या सिस्टरांना ही गोष्ट माहीत असेल तर त्या पेशंटला म्हणतात, आबा, डोळे पूर्ण उघडा बघू. वर बघा. उशीवरून मान उचला. एका श्वासात एक-दोन-तीन मोजा. मघाशी वीसपर्यंत मोजणारा माणूस थोड्या वेळाने बारालाच थांबला, पापण्या जड झाल्या, की सिस्टर मला फोन करतात आणि माझी झोपमोड झाली म्हणून घाबरत नाहीत. बोटाला लावलेल्या यंत्रावरचा ऑक्सिजनचा आकडा अशा पेशंटमध्ये बराच वेळ चांगलाच दिसतो. तो पडायला लागतो तेव्हा श्वासाचे स्नायू थकलेले असतात. यंत्राकडे बघणारा आणि पेशंटकडे बघणारा यांच्यात फरक असतो तो इथे.

घोणस किंवा फुरसे चावले तर प्रश्न रक्ताचा. त्यासाठी एक साधी तपासणी आहे: दोन मिली रक्त काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत घ्यायचे आणि २० मिनिटे नळी अजिबात न हलवता ठेवायची. नंतर तिरकी करून बघायची. रक्त गोठले नसेल तर विष रक्तात भिनले आहे. इतकी सोपी तपासणी, पण नळी प्लॅस्टिकची असली, किंवा साबणाने, डिटर्जंटने धुतलेली असली, तर चांगल्या माणसाचे रक्तही नीट गोठत नाही. मग नसलेल्या विषावर औषध सुरू होते. सर्पदंशावरची लस, म्हणजे एएसव्ही, सुरुवातीला साधारण १० बाटल्या लागतात. बाटलीतल्या पावडरमध्ये पाणी घालून ती हळू गोल फिरवायची असते, जोरात हलवली तर फेस होतो. सलाईनमधून ती सुरू केल्यावर पहिली काही मिनिटे सिस्टरांनी पलंगाजवळून हलायचे नाही. खाज, अंगावर गांधी, खोकला, उलटी, बीपी घसरणे, यातले काहीही दिसले की लस थांबवायची आणि ॲड्रिनॅलीन मांडीच्या स्नायूत द्यायचे. ते इंजेक्शन लस सुरू करण्याआधीच भरून ट्रेमध्ये ठेवलेले असायला हवे. रिॲक्शन आल्यावर कपाटाची चावी शोधणाऱ्या हॉस्पिटलमध्ये पेशंट सापापासून वाचून औषधाने जाऊ शकतो.

यातली एकही गोष्ट 'सेवाभाव' या शब्दात मावत नाही. परिचारिका दिनाला आपण भाषणे करतो, त्याग, माया, पांढरा वेश वगैरे बोलतो. माया हवीच. पण नळी कशाने धुतली हे मायेने कळत नाही, त्याला शिक्षण लागते.

इन्सुलिनचेही तसेच, आणि हे तर तुमच्या घरातसुद्धा घडू शकते, म्हणून सविस्तर सांगतो. आपल्याकडे इन्सुलिन दोन ताकदींत मिळते. एका मिलीत ४० युनिट, आणि एका मिलीत १०० युनिट. बाटल्या बहुतेक ४० च्या, पेनमधली काडतुसे १०० ची. सिरिंजही वेगवेगळ्या: ४० ची लाल टोपणाची, १०० ची नारिंगी टोपणाची. आता पेनची सुई संपली म्हणून कोणी लाल टोपणाच्या सिरिंजने पेनच्या काडतुसातून २० च्या रेघेपर्यंत औषध ओढले, तर ते अर्धा मिली झाले. म्हणजे २० नव्हे, ५० युनिट. अडीचपट. पेशंट रात्री घामाघूम होतो, बरळतो, आणि घरच्यांना वाटते झोपला. शिकलेल्या सिस्टर बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा जुळवल्याशिवाय सुई टोचत नाहीत. तुम्हीही घरी तेच करा.

एक माझी स्वतःची गोष्ट सांगतो, फारशी अभिमानाची नाही. एम.डी. करत होतो तेव्हाची. कोणते हॉस्पिटल ते राहू दे. सलग दुसऱ्या रात्रीची ड्युटी, पहाटेचे तीन. जुलाबाने गळून गेलेल्या एका पेशंटचे पोटॅशियम फार कमी आले. मी केसपेपरवर घाईत लिहिले, 'केसीएल एक अँप्यूल आयव्ही', आणि पुढच्या वॉर्डकडे निघालो. वयाने माझ्यापेक्षा बऱ्याच मोठ्या असलेल्या सिस्टर केसपेपर घेऊन मागे आल्या. म्हणाल्या, "सर, असं लिहिलेलं मी देणार नाही. किती सलाईनमध्ये, किती वेळात, ते लिहा." मला राग आला. तेवढे कळत नाही का, असे काहीतरी बोललोही. मग लिहून दिले. पोटॅशियमची ती छोटी अँप्यूल दिसायला साध्या डिस्टिल्ड वॉटरसारखी असते. सलाईनमध्ये मिसळून सावकाश दिली तर जीव वाचवते, आणि सरळ शिरेत ढकलली तर हृदय बंद पाडते. त्या रात्री एखादी नवी, घाबरट मुलगी ड्युटीवर असती तर तिने 'सरांनी लिहिलंय' म्हणून सरळ दिली असती. पेशंट गेला असता आणि चौकशीत पहिला प्रश्न आला असता: इंजेक्शन कोणी दिले?

नर्सिंगच्या पहिल्या वर्षी मुलींना शिकवतात, औषध देण्याआधी पाच गोष्टी तपासा. पेशंट तोच का, औषध तेच का, मात्रा बरोबर का, मार्ग कोणता, वेळ कोणती. ऐकायला पोरखेळ वाटतो. पण वॉर्डात दोन 'पाटील मावशी' शेजारीशेजारी असतात तेव्हा हाच पोरखेळ उपयोगी पडतो. सिस्टरांनी तुमचे पूर्ण नाव तिसऱ्यांदा विचारले तर चिडू नका. "कालपासून तेच ना हो आम्ही!" असे नातेवाईक म्हणतात. विचारणाऱ्या सिस्टर चांगल्या.

आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसाची निगा. मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमधल्या परिचारिका अरुणा शानबाग यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. २७ नोव्हेंबर १९७३ ला हॉस्पिटलच्याच एका कर्मचाऱ्याने त्यांच्यावर हल्ला केला, मेंदूला इजा झाली, आणि १८ मे २०१५ ला मृत्यू येईपर्यंत त्या केईएममध्येच होत्या. म्हणजे ४१ वर्षांहून जास्त. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०११ मध्ये दयामरणाच्या याचिकेवर निकाल दिला, त्याची चर्चा खूप झाली. त्या निकालात एक गोष्ट आवर्जून नोंदवलेली आहे, ती मात्र कमी लोकांना माहीत आहे: इतक्या वर्षांत त्यांना एकदाही पाठीला जखम झाली नव्हती. आमच्या भागात घरी आठ-पंधरा दिवस पडून राहिलेला पेशंट दाखवायला आणतात आणि पाठीला हाताच्या पंजाएवढी जखम असते. दर दोन तासांनी कूस बदलणे, चादरीची सुरकुती काढणे, कातडी कोरडी ठेवणे, पोटात पुरेसे अन्न जाते का ते बघणे, हे केईएमच्या परिचारिकांनी पिढ्या बदलल्या तरी चार दशके केले. नर्सिंग हे शास्त्र आहे याचा याहून मोठा पुरावा मला माहीत नाही.

आता कटू विषयाकडे येतो. पांढरा किंवा निळा ड्रेस घातलेली प्रत्येक मुलगी नर्स नसते. एएनएम दोन वर्षांचा कोर्स आहे, जीएनएम तीन वर्षांचा, बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचे. त्यानंतर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी व्हावी लागते. त्यासाठी १९६६ चा महाराष्ट्र नर्सेस कायदा आहे. प्रत्यक्षात छोट्या गावांतल्या कितीतरी खाजगी दवाखान्यांत दहावी-बारावी झालेल्या मुली हाताखाली शिकून सुया टोचतात. पगार कमी, मुलगी गावातलीच, बोलायला गोड. डॉक्टर म्हणतात, "तयार केलीय मी तिला." मीसुद्धा सुरुवातीच्या वर्षांत हेच केले आणि हेच बोललो. दवाखान्याचे कर्ज होते, शिकलेल्या सिस्टर मिळत नव्हत्या, मिळाल्या तरी कराड-कोल्हापूरला निघून जात. कारणे खरी होती. तरी ते चूक होते. 'तयार केलेल्या' मुलीला कसे करायचे ते माहीत असते, कधी करायचे नाही ते माहीत नसते. मला नाही म्हणणाऱ्या त्या पहाटेच्या सिस्टर अशा तयार होत नाहीत.

स्प्रिंग मेडोज हॉस्पिटलचा खटला या बाबतीत वाचण्यासारखा आहे. टायफॉइडसाठी ॲडमिट केलेल्या एका लहान मुलाला नर्सने भलतेच इंजेक्शन शिरेतून दिले. मुलगा तिथेच कोसळला आणि मेंदूला कायमची इजा झाली. पुढे निघाले की ती नर्स पात्रताधारकच नव्हती. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने मुलासाठी साडेबारा लाख आणि आईवडिलांच्या मनस्तापासाठी वेगळे पाच लाख रुपये भरपाई ठरवली. १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली आणि जबाबदारी हॉस्पिटलवर टाकली. भरपाईच्या बाबतीत कायदा स्पष्ट आहे: ज्याने नेमले, त्याने भरायचे. आमच्या व्यवसायातल्या मित्रांनी हे वाक्य लक्षात ठेवावे.

फौजदारी बाजू मात्र वेगळी आहे, आणि माझी तक्रार तिथे आहे. निष्काळजीपणाने मृत्यू झाला तर जुन्या भारतीय दंड संहितेत ३०४-अ कलम होते. शिक्षा जास्तीत जास्त दोन वर्षे. डॉक्टर असो, नर्स असो, ट्रकचा ड्रायव्हर असो. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. तिच्या १०६ व्या कलमात शिक्षा पाच वर्षांपर्यंत वाढवली. पण उपचार करताना नोंदणीकृत डॉक्टरकडून असे घडले तर ती दोन वर्षांपर्यंतच. आणि नोंदणीकृत डॉक्टर म्हणजे कोण, हेही तिथेच सांगितले आहे: ज्याची पदवी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कायद्याखाली मान्य आहे आणि नाव डॉक्टरांच्या रजिस्टरमध्ये आहे तो. नर्सचे नाव त्या रजिस्टरमध्ये नसते. म्हणजे कलमाचे शब्द जसेच्या तसे वाचले तर एकाच पेशंटला, एकाच रात्री, एकाच इंजेक्शनने काही झाले, तर ते लिहिणाऱ्या मला जास्तीत जास्त दोन वर्षे आणि टोचणाऱ्या सिस्टरला पाच. मला सवलत मिळाली याचे मी स्वागतच केले असते; माझा पगार तिच्या पगाराइतका, माझा अधिकार तिच्या अधिकाराइतका आणि तिचे माझ्यासारखेच संघटनेचे बळ असते तर. २००५ च्या जेकब मॅथ्यू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की साधी चूक वेगळी आणि गुन्हा ठरणारा ढोबळ निष्काळजीपणा वेगळा, आणि पोलिसांनी कारवाईआधी तज्ज्ञ डॉक्टरांचे मत घ्यावे. त्या निकालाची भाषाही मुख्यतः डॉक्टरांचीच आहे.

हा कागदावरचा वाद नाही. ९ जानेवारी २०२१ च्या मध्यरात्रीनंतर भंडारा जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली. १० बाळे गेली, ७ वाचवता आली. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला नगरच्या जिल्हा रुग्णालयात कोविडच्या आयसीयूला आग लागली आणि ११ रुग्ण गेले. भंडाऱ्यात पुढे दोन परिचारिकांवर गुन्हा दाखल झाला. नगरमध्ये एक महिला वैद्यकीय अधिकारी आणि तीन परिचारिका यांना अटक झाली. आग लागली त्या क्षणी कोण कुठे होते, हे न्यायालय बघेल. कोणी जागा सोडली असेल तर तिने उत्तर द्यावे. त्या आईबापांना उत्तर मिळालेच पाहिजे. पण भिंतीतली वायर परिचारिकेने टाकलेली नसते. आग विझवण्याची यंत्रणा बसवण्याची सही तिची नसते. रात्री किती पेशंटमागे किती सिस्टर ठेवायच्या, हे ती ठरवत नाही. तिच्या हातात असते ड्युटीचा चार्ट आणि जी खोली मिळाली ती. हातकडी मात्र लवकर तिच्याच हातापर्यंत पोहोचते, कारण रजिस्टरवर वेळेसह सही तिची असते.

त्या सहीबद्दल थोडे. सिस्टरांनी लिहिलेला चार्ट, म्हणजे किती वाजता बीपी किती, लघवी किती झाली, औषध केव्हा दिले, डॉक्टरांना फोन केव्हा केला, हा तुमच्या पेशंटच्या कागदपत्रांचा भाग आहे. तुम्ही मागितल्यावर ७२ तासांत कागदपत्रांची प्रत देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. कोर्टात जे लिहिलेले नाही ते केलेले नाही, असेच धरायची वकिलांची पद्धत. म्हणून 'सिस्टर नुसत्या लिहीत बसतात' ही तक्रार मला पटत नाही. फोनवरच्या ऑर्डरी हा आमचा आणखी एक दोष. रात्री आम्ही अर्धवट झोपेत 'अमुक मारा' सांगतो. सिस्टरांनी ते लिहून, परत वाचून दाखवावे, वेळ टाकावी, आणि सकाळी डॉक्टरांनी खाली सही करावी. सही करायला टाळाटाळ करणारे डॉक्टर आहेत, हे मी त्याच व्यवसायात राहून सांगतो.

आता तुमच्याकडे वळतो, कारण तुम्हीही काही गोष्टी करता. "ताई, डॉक्टर येईपर्यंत एखादं ताकदीचं इंजेक्शन तरी द्या की." हे वाक्य आमच्या वॉर्डात रोज ऐकू येते. सिस्टर नाही म्हणाल्या की 'उद्धट' ठरतात. डॉक्टरांच्या ऑर्डरशिवाय औषध देणे त्यांच्या अधिकारात नाही. दिले आणि काही झाले तर तुमच्या आग्रहाची नोंद कुठेच नसेल. सलाईन लवकर संपावी म्हणून चाक फिरवून वेग वाढवणारे नातेवाईक आहेत. वृद्ध, हृदयाचा पेशंट असेल तर त्या पाण्याने छातीत दम भरतो. उपाशी ठेवलेल्या पेशंटला 'दोन घोट चहा' पाजणारे आहेत. मॉनिटरचा आवाज त्रास देतो म्हणून तो बंद करणारेही आहेत. सिस्टर औषध भरत असताना मागून हाक मारू नका, तेवढी दोन मिनिटे थांबा. घरून चाललेली सगळी औषधे त्यांना दाखवा, वैद्याकडची पुडीसुद्धा. आणि पूर्वी कशाची रिॲक्शन आली असेल तर ती न विचारता सांगा. आणि हात उचलू नका. २०१० च्या महाराष्ट्राच्या कायद्याने डॉक्टरांइतकेच नर्सना संरक्षण आहे. दवाखान्यातली मारहाण अजामीनपात्र गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

त्याच वेळी विचारायला घाबरू नका. 'सिस्टर, हे कोणते औषध? कशासाठी?' हा तुमचा हक्क आहे, आणि शिकलेल्या सिस्टरांना या प्रश्नाचा राग येत नाही. रक्त चढवायला लावले की पहिली पंधरा मिनिटे कोणी जवळ थांबणार आहे का, हे विचारा. पेशंट 'नेहमीसारखा वाटत नाही', असे तुमच्या मनाने घेतले तर ते सांगा; आईचा चेहरा तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त माहीत असतो. आणि ॲडमिशनच्या कागदावर सही करताना डॉक्टरांना विचारा, आज रात्री ड्युटीवर कोण, नोंदणी आहे का, आणि त्यांच्याकडे किती पेशंट. मला हा प्रश्न विचारला तर सुरुवातीला थोडा अवघडेन, पण उत्तर देईन. आमच्याकडे आता माझ्या डिग्रीच्या बोर्डाखाली सिस्टरांची नावे आणि नोंदणी क्रमांक लावले आहेत. लावल्यापासून दोन-तीन लोकांनीच ते वाचलेले मी पाहिले. त्यातल्या एका आजींनी सिस्टरांना विचारले, "तुमचं पण शिकणं असतंय व्हय?"